रोज जवळ बाळगायची लहान, चिवट सुरी कशी निवडावी

मी पहिली न मिटणारी सुरी, म्हणजे फिक्स्ड ब्लेड, घेतली तेव्हा ती दणकट दिसते का एवढंच पाहिलं होतं. पातं ५ मिलिमीटर जाड, वर काळा मुलामा, पाठीवर करवतीसारखे दाते. पहिल्याच आठवड्यात पुठ्ठ्याचा खोका कापायला घेतली आणि पातं मधेच पाचरीसारखं अडकून बसलं. म्यानासकट वजन पाव किलोच्या वर होतं, खाली बसलं की मूठ बरगडीत रुतायची. महिन्याभरात ती खणात गेली. दुसरी सुरी बारीक पात्याची, कापायला सुरेख. ती ओलसर चामड्याच्या म्यानात दोन आठवडे तशीच राहिली आणि पात्यावर गंजाचे खड्डे पडले. तिसरी मात्र अनेक वर्षं माझ्यासोबत आहे.

या तिन्हींतून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. तुम्ही पहिलीच सुरी घेत असाल तर माझ्या पहिल्या दोन चुका तुम्हाला करायला लागू नयेत.

१. आधी कायदा, मग सुरी

हे पाऊल बहुतेक जण शेवटी उचलतात, म्हणून मी ते पहिलं ठेवलंय. घरात सुरी ठेवणं आणि ती अंगावर घेऊन बाहेर फिरणं या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि दर देशाचा नियम निराळा असतो. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धार असलेला, लॉक नसलेला घडीचा चाकू खिशात चालतो, पण न मिटणारी सुरी कितीही छोटी असली तरी ती जवळ का आहे याचं रास्त कारण द्यावं लागतं. जर्मनीत न मिटणाऱ्या सुरीला १२ सेंटिमीटर पात्याची मर्यादा आहे, शिवाय काही ठिकाणी आणखी बंधनं आहेत.

तुम्ही राहता तिथला नियम वाचताना चार गोष्टी शोधा: पात्याच्या लांबीची मर्यादा, दुधारी पात्यावर बंदी आहे का, सुरी कपड्याखाली झाकलेली चालते की उघडी, आणि कुठल्या ठिकाणी ती अजिबात नेता येत नाही. विमानाच्या केबिनमध्ये, न्यायालयात आणि शाळेत ती न्यायची नाही हे धरूनच चाला. प्रवासाला निघताना सुरी घरीच काढून ठेवायची सवय लावून घ्या.

आणखी एक. इथे सांगतोय ते सगळं हत्यारासाठी नव्हे, अवजारासाठी आहे. स्वसंरक्षणासाठी सुरी बाळगायचा विचार असेल तर तो सोडून द्या. बऱ्याच देशांत तेवढा हेतूसुद्धा गुन्हा ठरतो, आणि झटापटीत सुरी कोणाच्या हातात जाईल याचा भरवसा नसतो.

२. घडीचा चाकू का नको, हे स्वतःला विचारा

घडीचा चाकू खिशात सहज मावतो, लोक दचकत नाहीत, आणि टपाल फोडणं, दोरा तोडणं एवढंच काम असेल तर तो पुरतो. न मिटणाऱ्या सुरीत सांधा नाही, स्प्रिंग नाही, लॉक नाही. त्यामुळे बोटावर मिटायची भीती नाही, चिखलात किंवा रंगात बुडाली तरी धुऊन पुसली की झालं, आणि त्याच वजनात पातं कितीतरी मजबूत मिळतं. हातमोजे घालून काम करणाऱ्याला, बागेत, होडीवर, बांधकामावर किंवा डोंगरात राबणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो.

एक आठवडा वहीत लिहून ठेवा: आज काय काय कापलं? माझ्या यादीत पुठ्ठा, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबरी नळी, फळं आणि लाकडाच्या खुंट्या होत्या. झाड तोडणं एकदाही नव्हतं. तरी पहिली सुरी मी झाड तोडायच्या हिशेबाने घेतली होती.

३. लाकडी नमुना करून आठवडाभर वापरा

हा उपाय मला फार उशिरा सुचला. मनात असलेल्या सुरीची एकूण लांबी आणि मुठीची जाडी घेऊन लाकडाच्या पट्टीचा तसाच नमुना कापा. धार नको, टोक गोल ठेवा. जाड पुठ्ठ्याचं म्यान करून तो आठवडाभर कमरेला लावून फिरा: गाडीत बसा, वाका, बुटांची नाडी बांधा. टोचतोय, कपड्यात अडकतोय, बसताना वर सरकतोय, हे सगळं दोन दिवसांत कळतं.

बहुतेकांचा नमुना या मापांवर येऊन थांबतो: पातं ६ ते ९ सेंटिमीटर, एकूण लांबी १५ ते १९ सेंटिमीटर, म्यानासकट वजन १५० ग्रॅमच्या आत. याहून मोठी सुरी वाईट नसते, ती घरी राहते. लहान म्हणजे किती लहान याचा अंदाज हवा असेल तर स्वीडनच्या मोरा कंपनीची एल्ड्रिस ही सुरी पाहा. तिचं पातं ६ सेंटिमीटरहून किंचित कमी आणि जाडी फक्त २ मिलिमीटर आहे.

४. जाडी: सगळ्यात जास्त फसवणारा आकडा

मी इथेच फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पात्याची जाडी दुप्पट केली की ते वाकवायला सुमारे आठपट जोर लागतो. म्हणजे जाडी थोडी वाढली तरी ताठपणा भराभर वाढतो, आणि म्हणूनच ७-८ सेंटिमीटरच्या छोट्या पात्याला ३ मिलिमीटर जाडी भरपूर होते. तेवढ्या लांबीत ते हाताच्या जोराने वाकत नाही. ५ मिलिमीटर घेऊन रोजच्या कामात जास्तीचं काहीच मिळत नाही, उलट प्रत्येक कापाला ती जाडी वस्तूला फाकवत पुढे सरकते. रोजच्या सुरीसाठी पाठीपाशी २.५ ते ३.५ मिलिमीटर हा माझा ठाम सल्ला आहे.

पाठीच्या जाडीहून महत्त्वाचं माप दुसरंच आहे, आणि ते जाहिरातीत सहसा नसतं. धारेचा शेवटचा चकचकीत उतार जिथे सुरू होतो, त्याच्या लगेच वर पातं किती जाड आहे? याला मी धारेमागची जाडी म्हणतो. व्हर्नियर कॅलिपरने जपून मोजा. ०.३ ते ०.५ मिलिमीटर असेल तर सुरी छान कापते आणि योग्य पोलाद असेल तर धार तुटतही नाही. ०.७ च्या आसपास असेल तर ती राकट कामाची. १ मिलिमीटरच्या वर गेली की धार कितीही तासा, पुठ्ठ्यात ती अडकणारच. कॅलिपर नसेल तर चकचकीत उताराची रुंदी पाहा: लहान पात्यावर हा उतार अरुंद असेल तर मागची जाडी कमी, रुंद पट्टा दिसला तर जाडी जास्त. एका बाजूला दीड-दोन मिलिमीटर रुंद उतार दिसला तर मी ती सुरी परत ठेवतो.

घासणीचे, म्हणजे पातं पाठीकडून धारेकडे कसं उतरतं त्याचे, मुख्य प्रकार चार. सपाट घासणी पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरते. नव्या माणसाने हीच घ्यावी. बहिर्वक्र घासणीत बाजू किंचित फुगीर असतात. ती सर्वांत चिवट, पण दगडावर धार लावायला सराव लागतो. अंतर्वक्र घासणी वस्तऱ्यासारखी खोलगट. वरवर सुरेख कापते, खोल कापात अडते. चौथी स्कँडी: पातं अर्ध्यापर्यंत जाड आणि मग एकाच उतारात थेट धार. लाकडावर तिला तोड नाही आणि धार लावणं अगदी सोपं, कारण उतारच दगडावर टेकवायचा असतो. पण फळ कापायला गेलात की ते चिरण्याऐवजी तडकतं.

टोकाचा आकार? पाठ हळूच खाली उतरून मधोमध टोकाला मिळते तो ड्रॉप पॉइंट घ्या आणि पुढे चला. पाठीवरचे करवतीचे दाते मात्र टाळा: छोट्या सुरीवर ते कापत काहीच नाहीत, अंगठा टेकायची जागा तेवढी जाते.

५. पोलाद: कठीण, चिवट आणि गंजणारं

पोलादाबद्दल बोलताना लोक तीन वेगळे गुण एका शब्दात गुंडाळतात. कठीणपणा म्हणजे धार दबत नाही, मुडपत नाही. चिवटपणा म्हणजे धक्का बसला तर पातं तुटत नाही, धारेचा टवका उडत नाही. तिसरा गुण झिजेला तोंड देण्याचा, म्हणजे पुठ्ठ्यासारख्या खरखरीत वस्तूवर धार किती दिवस टिकते तो. एक वाढवला की दुसरा सहसा घटतो. काच कठीण आहे, पण चिवट नाही, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

कठीणपणा रॉकवेल सी मापात सांगतात. छोट्या सुरीसाठी ५८ ते ६१ ही चांगली पट्टी. ५५-५६ ची धार वाकते, पण दगडावर पटकन सुधारते. ६२-६३ च्या पुढे पोलाद फार चांगलं आणि त्याला पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून ते नीट कठीण केलेलं असेल तरच जा.

नव्या माणसाने ओळखावीत अशी काही पोलादं:

- १०९५: साधं कार्बन पोलाद, कार्बन सुमारे ०.९५ टक्के. धार चटकन लागते, गंजही चटकन लागतो.
- ८०सीआरव्ही२: कार्बन सुमारे ०.८ टक्के, जोडीला थोडं क्रोमियम आणि व्हॅनेडियम. १०९५ पेक्षा चिवट. गंज लागतोच.
- १४सी२८एन आणि एईबी-एल: दोन्ही स्वीडिश मुळाची स्टेनलेस पोलादं. एईबी-एल दाढीच्या पात्यांसाठी बनवलं गेलं. दोन्हींतले कण बारीक, त्यामुळे ती स्टेनलेस असूनही भलतीच चिवट.
- डी२: कार्बन सुमारे १.५ टक्के, क्रोमियम सुमारे १२ टक्के. धार खूप टिकते, चिवटपणा कमी.
- सीपीएम-३व्ही: चिवटपणा आणि टिकाऊ धार यांचा उत्तम मेळ, पण पूर्ण स्टेनलेस नाही.
- मॅग्नाकट: धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी रचलेलं, २०२१ मध्ये बाजारात आलेलं. चिवट, टिकाऊ, आणि गंजाला फार चांगलं तोंड देणारं.
- एलसी२००एन: यात कार्बनचं बरंच काम नायट्रोजन करतो. समुद्राच्या पाण्यात राबणाऱ्यांसाठी.

डी२ बद्दल थांबून सांगायला हवं, कारण स्वस्त सुऱ्यांत ते सगळीकडे दिसतं. १२ टक्के क्रोमियम वाचून लोक त्याला स्टेनलेस समजतात. पण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कार्बाइडच्या टणक कणांत अडकतं आणि गंजापासून राखण करायला पुरेसं मोकळं उरत नाही. तेच मोठे कण चिवटपणाही कमी करतात. पुठ्ठा कापायला डी२ उत्तम. लाकडात घालून पिरगाळायला वाईट.

पोलादाच्या नावाहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला दिलेलं पाणी: ते किती तापवलं, किती झपाट्याने थंड केलं आणि नंतर पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा किती काढला. साधं १४सी२८एन नीट पाणी दिलेलं असेल तर ते घाईत पाणी दिलेल्या महागड्या पोलादाला मागे टाकतं. विकणारा रॉकवेलचा आकडा सांगत नसेल, किंवा ‘५६ ते ६२’ अशी ऐसपैस पट्टी सांगत असेल, तर मी पुढे जातो.

कुठलं घ्यावं हे ठरत नसेल तर १४सी२८एन किंवा एईबी-एल घ्या. पहिल्या सुरीला गंजाची काळजी नको.

६. मूठ आणि तिच्या आतलं पोलाद

पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला टँग म्हणतात. तो मुठीच्या टोकापर्यंत आणि मुठीच्याच रुंदीचा असेल तर ती पूर्ण टँग. दोन्ही बाजूंनी मुठीचे तुकडे बसवलेले असतात आणि मधे पोलादाची कड दिसते. लहान, चिवट सुरीसाठी हेच निवडा. वजन कमी करायला मधे भोकं पाडलेली असतील तर हरकत नाही. अर्धा टँगही वाईट नसतो, अनेक स्वीडिश सुऱ्या पिढ्यान्‌पिढ्या तशाच चालत आल्यात. पण त्यांच्यावर उचकटायचा ताण देऊ नका.

मुठीसाठी मायकार्टा किंवा जी१०. मायकार्टा म्हणजे कापडाचे थर राळेत दाबलेले. ओला झाला की पकड उलट वाढते. जी१० काचतंतूंचं, जवळजवळ अविनाशी, पण फार खरखरीत असेल तर खिशाची कड खाऊन टाकतं. लाकूड सुंदर आणि हाताला ऊबदार, फक्त त्याला अधूनमधून तेल लागतं.

चार बोटं मावायला मूठ साधारण १० सेंटिमीटर हवी. ८ सेंटिमीटरची तीन बोटांची मूठही चालते, पण ती मुठीत घट्ट धरा आणि पाच मिनिटं फळीच्या कडेवर जोराने काप घेतल्यासारखं करा. कुठे रुततंय ते तळहातच सांगेल. मूठ आणि धार यांच्या मधे बोट पुढे घसरू न देणारा काहीतरी उंचवटा किंवा खोलगा असायलाच हवा. ओल्या हाताने टोचताना बोट धारेवर गेलं तर इजा खोल होते, कधीकधी बोटाची शीर कापली जाते. हा उंचवटा नसलेली सुरी कितीही देखणी असो, घेऊ नका.

७. म्यान: निम्मी सुरी हीच

लोक सुरीवर महिनाभर विचार करतात आणि म्यान जे येईल ते घेतात. मीही तेच केलं होतं. पण सुरी रोज जवळ राहील की खणात, हे म्यान ठरवतं, आणि ती तुम्हाला इजा करेल की नाही हेसुद्धा.

कायडेक्स हे तापवून आकार दिलेलं प्लॅस्टिक. सुरी खटकन बसते, पाणी शोषत नाही. आत वाळूचे कण गेले की पात्यावर ओरखडे पडतात, म्हणून तळाला पाणी निघून जायचं भोक हवं आणि ते अधूनमधून धुवायला हवं. चामडं शांत, आवाज न करणारं, कपड्यांना सोसणारं. पण ते ओलावा धरतं, आणि कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार पात्याला गंजवतात. माझी दुसरी सुरी याच कारणाने खराब झाली. चामड्याच्या म्यानात सुरी बाळगा, ठेवून देऊ नका. घरी आलात की काढून वेगळी ठेवा. चामड्याच्या म्यानात धारेच्या बाजूने शिवणीच्या आत चामड्याची आणखी एक पट्टी शिवलेली हवी. ती नसेल तर धार एक दिवस टाके कापून बाहेर येते.

तपासणी अशी करा: सुरी म्यानात घाला, खाली गादी ठेवा, म्यान उलटं धरून जोरात हलवा. पडली तर नको. मग एका हाताने काढून पाहा. अंगठा म्यानाच्या कडेवर टेकवून ढकलल्यावर सुरी सुटायला हवी. झटका द्यावा लागत असेल तर त्याच झटक्यात कधीतरी दुसरा हात कापला जाईल. काढताना म्यान दुसऱ्या हाताने धारेच्या बाजूने मुठीत कधीच धरू नका.

कुठे बाळगायची? पट्ट्यावर आडवी, पोटाच्या पुढच्या बाजूला, ही बसणाऱ्या-वाकणाऱ्या माणसासाठी मला सर्वांत सोयीची वाटते. खिशात ठेवायची असेल तर काढताना म्यान खिशातच अडकून राहील असा हूक हवा. गळ्यात अडकवायची असेल तर ओढ बसताच तुटणारी मण्यांची साखळीच वापरा, दोरी नको. ती कशात अडकली तर गळा आवळला जातो. पाठीच्या कण्यावर मात्र ठेवू नका. घसरून पाठीवर पडलात तर तो कठीण तुकडा थेट मणक्याखाली येतो.

डावखुऱ्यांनी म्यानाची पट्ट्यावर अडकवायची पकड दोन्ही बाजूंना फिरवता येते का, हे आधी विचारावं.

८. हातात आल्यावर पाहायच्या गोष्टी

- पाठीवरून एक डोळा मिटून पाहा: पातं सरळ आहे का?
- धार वर करून दिव्याखाली धरा. नीट लागलेल्या धारेवरून उजेड परतत नाही. कुठे चमकलं तर तिथे धार बोथट आहे.
- दोन्ही बाजूंचे उतार सारखे आहेत का?
- मूठ आणि टँग यांच्या मधे फट आहे का? तिथेच ओल आणि गंज साचतो.
- मुलामा असला तरी धार उघडीच असते. काळी सुरी गंजत नाही असं समजू नका.

९. पहिला महिना: धार आणि निगा

लागणारं साहित्य: ४०० आणि १००० ग्रिटचा दुतर्फा दगड, ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक (कठीण कार्बाइडच्या पोलादासाठी हिऱ्याची प्लेट), चामड्याचा पट्टा आणि पॉलिशची वडी, काळं मार्कर पेन, मऊ फडकं, थोडं खनिज तेल.

कारखान्यातली धार बऱ्याचदा यंत्राच्या वेगवान घासपट्ट्यावर लावलेली असते आणि त्या उष्णतेने अगदी कडेचं पोलाद मऊ पडलेलं असू शकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात धार गेली तर नाराज होऊ नका. दोन-तीन वेळा दगडावर घेतल्यावर खालचं चांगलं पोलाद लागतं आणि सुरी खरी कशी आहे ते तेव्हा कळतं.

कोन दर बाजूला १७ ते २० अंश. २० अंश डोळ्यांनी धरायची युक्ती: पातं २.५ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण ८.५ मिलिमीटर वर उचला. उतारावर मार्कर फासा आणि एकदा हलकेच घासा. शाई फक्त वरच्या कडेला गेली तर कोन कमी आहे, फक्त धारेपाशी गेली तर जास्त आहे, पूर्ण गेली तर बरोबर. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक खरखरीत कड बोटाला लागेपर्यंत. मगच बाजू बदला. ही कड उठायच्या आधीच बाजू बदलणं, ही नव्या माणसाची हमखास चूक. शेवटी चामड्यावर धार मागे ठेवून ओढा, म्हणजे उरलीसुरली कड निघून जाईल.

वापरताना दोन नियम. बसून काप घेताना सुरी मांड्यांच्या मधे आणू नका, कारण मांडीच्या आतून मोठी रोहिणी जाते आणि ती कापली गेली तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. कोपर गुडघ्याच्या पुढे ठेवा आणि काप अंगापासून दूर जाऊ द्या. आणि हातातून सुटलेली सुरी झेलायला जाऊ नका. पाय मागे घ्या, तिला पडू द्या.

डब्याची झाकणं उचकटायला, खिळे काढायला, दगडावर ठोकायला ही सुरी वापरू नका. त्यासाठी एक छोटी पहार किंवा जुनी पटाशी ठेवा. फळ कापलं की पातं लगेच पुसा, कारण आम्लाने कार्बन पोलादावर तासाभरात डाग येतात. राखाडी-निळसर डाग राहिले तर चालतील, लाल दिसला तर त्याच दिवशी तेल लावून घासून काढा. आणि झोपण्याआधी एकदा सुरी म्यानाबाहेर काढून पाहा, आत ओल तर राहिली नाही ना.